पाटी कंपनीची, पगार कोणाचा?

ऑगस्ट २०१५च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात एक बातमी फुटली आणि पुढची काही वर्षे तिचे धक्के बसत राहिले. ‘सेव्हन-इलेव्हन’ ही तिथली चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांची साखळी. पहिले दुकान १९७७ साली मेलबर्नच्या ओकले उपनगरात उघडले आणि २०१५पर्यंत ही संख्या सहाशेच्या वर गेली. मध्यरात्री दूध, पाव, कॉफी, पेट्रोल मिळण्याचे हे हक्काचे ठिकाण. बहुतेक दुकाने फ्रँचायझीवर दिलेली आणि गल्ल्यावर उभी असणारी मुले बहुतांशी परदेशातून शिकायला आलेली. त्यांत भारतीय आणि पाकिस्तानी विद्यार्थ्यांचा भरणा मोठा. फेअरफॅक्स वृत्तसमूहाच्या पत्रकार ॲडेल फर्ग्युसन आणि एबीसी वाहिनीचा ‘फोर कॉर्नर्स’ हा कार्यक्रम यांनी मिळून दाखवून दिले, की या मुलांना कायद्याने ठरलेल्या पगाराच्या जेमतेम निम्मे पैसे मिळत होते.

युक्ती साधी होती. मुलगा आठवड्याला ४० तास राबायचा, पण नोंदीत त्याचे २० तासच लागायचे. दर मात्र कायद्याचा. ताशी २४ डॉलर हक्काचे असतील, तर प्रत्यक्षात त्याच्या हाती ताशी १२ पडायचे. पगाराची पावती पाहिली तर कुठेही खोट नाही, कारण लबाडी दरात नव्हतीच, ती तासांत होती.

तक्रार का होत नव्हती? विद्यार्थी व्हिसावर तेव्हा सत्र चालू असताना पंधरवड्याला ४० तासच काम करायची मुभा होती. मालकाने त्याहून जास्त राबवले, की मुलगा स्वतःच व्हिसाच्या अटीत अडकायचा. मग ‘जा, कर तक्रार, पहिल्या विमानाने घरी जाशील’ एवढी धमकी पुरे. तपासणी कडक झाल्यावर काही मालकांनी तऱ्हा बदलली. आता पूर्ण तास लागायचे, पूर्ण पगार बँकेत जमा व्हायचा आणि मुलाने एटीएममधून पैसे काढून त्यातला वाटा मालकाच्या हातात परत ठेवायचा. बँकेचे पासबुक दाखवले तरी सगळे चोख.

ही गोष्ट इथे संपली असती, तर ‘लोभी मालक आणि गरीब नोकर’ एवढाच तिचा मथळा झाला असता. पण फ्रँचायझी घेऊ पाहणाऱ्याने जी बाजू नीट वाचायला हवी ती यापुढे सुरू होते.

५७ आणि ४३

सेव्हन-इलेव्हनच्या करारात दुकानाच्या ढोबळ नफ्याची, म्हणजे मालाची खरेदी वजा जाता उरणाऱ्या रकमेची, वाटणी ठरलेली होती. कंपनीला ५७ टक्के, दुकानदाराला ४३. या ४३ टक्क्यांतून दुकानदाराने नोकरांचे पगार द्यायचे, कर्जाचा हप्ता फेडायचा आणि उरेल त्यात घर चालवायचे. दुकान रात्रभर उघडे ठेवायचे, हे कंपनीने ठरवलेले. रात्री दोन ते पाच या वेळात चार गिऱ्हाईके आली तरी गल्ल्यावर माणूस हवाच. त्या माणसाचा पगार मात्र एकट्या दुकानदाराच्या वाट्यातून.

ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आयोगाचे माजी अध्यक्ष ॲलन फेल्स यांनी त्याच कार्यक्रमात आपले मत दिले. त्याचा मथितार्थ असा, की नोकरांना कमी पैसे दिले तरच दुकानदाराला परवडेल, अशी या धंद्याची रचना दिसते. कंपनीने सुरुवातीला कानावर हात ठेवले. दुकानदार स्वतंत्र आहेत, नोकर त्यांचे आहेत, आमचा काय संबंध? अडचण एवढीच होती, की दुकानांचा पगारपत्रक तयार करण्याचा विभाग कंपनीच्याच मुख्यालयात होता. कोणाचे किती तास लागले, किती डॉलर गेले, हे सगळे आकडे तिथल्याच संगणकात होते.

महिन्याभरात, ३० सप्टेंबर २०१५ रोजी, अध्यक्ष रस विदर्स आणि मुख्य कार्यकारी अधिकारी वॉरन विल्मट दोघेही पायउतार झाले. पगाराचे दावे तपासायला फेल्स यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०१६मध्ये कंपनीने ती गुंडाळून काम आपल्याकडे घेतले, त्यावरही टीका झाली. अखेर कामगारांना परत दिलेली रक्कम १५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली.

त्यानंतर खुद्द दुकानदारच कंपनीविरुद्ध सामूहिक दाव्यात उतरले. पगाराचा खरा बोजा किती पडेल हे करार करताना आम्हाला नीट सांगितलेच नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. तो दावा ९ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोडीने मिटला. एकाच दुकानात नोकर म्हणतो मालकाने लुबाडले आणि मालक म्हणतो कंपनीने फसवले. दोघांच्या तक्रारीचे मूळ एकाच कागदावर होते: करारात पगाराला जागाच ठेवलेली नव्हती.

दहा टक्क्यांनी काय बिघडते

आता हाच हिशेब आपल्याकडच्या एका दुकानावर मांडू. आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. समजा, तुम्ही शहरात चहा-नाश्त्याच्या एका नावाजलेल्या साखळीची फ्रँचायझी घेतली. जीएसटी वगळता महिन्याची विक्री ३ लाख रुपये. कच्चा माल ४५ टक्के, म्हणजे १ लाख ३५ हजार. विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी १५ हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,७०० रुपये. साध्या हॉटेलांना ५ टक्क्यांचा जीएसटी लागतो, पण त्यात आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे हे २,७०० थेट तुमच्या खिशातून जातात. ‘ब्रोशर’मध्ये हा आकडा सहसा नसतो. भाडे ४० हजार, वीज १२ हजार, किरकोळ खर्च १० हजार. चार मुलांचे पगार प्रत्येकी १४ हजार, एकूण ५६ हजार. सुरुवातीला १० लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी १२ टक्क्यांनी काढले असेल, तर हप्ता साधारण २२,२५० रुपये.

हाती उरले ७,०५० रुपये. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत तुम्ही स्वतः उभे राहता, त्याची ही किंमत.

आता शेजारी तशाच चहाचे दुसरे दुकान आले आणि विक्री १० टक्क्यांनी घटून २ लाख ७० हजारांवर आली. कच्च्या मालाचा खर्च तेवढाच कमी होईल. रॉयल्टीही थोडी उतरेल. पण भाडे, वीज, हप्ता आणि पगार तसेच. आता हिशेब केला तर महिन्याला ७,६८० रुपयांचा तोटा. म्हणजे तुमच्या खिशाला १४,७३० रुपयांचा फटका बसला. कंपनीची रॉयल्टी किती घटली? १५ हजारांवरून साडेतेरा हजार. दीड हजार रुपये.

रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नसते. म्हणून दुकान तोट्यात असतानाही कंपनीला पैसे मिळत राहतात. नवी शाखा तुमच्यापासून अर्ध्या किलोमीटरवर उघडली तरी कंपनीची एकूण विक्री वाढतेच, तुमची घटली तरी.

तोट्यात आलेला मालक मग वहीकडे पाहतो. भाड्याचा करार झालेला आहे. विजेचे बिल कमी होत नाही. मालाचा भाव आणि पुरवठादार दोन्ही कंपनीने ठरवलेले. बँक ऐकत नाही. राहता राहिले ५६ हजारांचे पगार. एक मुलगा कमी केला, की १४ हजार वाचतात आणि तोटा पुसला जातो. उरलेल्या तिघांकडून चौघांचे काम करून घ्यायचे, साप्ताहिक सुट्टी ‘बघू’ म्हणून लांबवायची, जादा तासांचे पैसे ‘दिवाळीला देतो’ म्हणायचे. वड्याचे तेल वांग्यावर निघते ते असे. मेलबर्नमध्ये झाले ते याच वहीतून झाले.

सगळेच करार असे नसतात. अमूल आपल्या पार्लरवाल्यांकडून रॉयल्टी घेत नाही. त्यांना छापील किमतीवर ठरलेले मार्जिन मिळते. जाहीर दरांनुसार पिशवीच्या दुधावर अडीच टक्के, दुग्धजन्य पदार्थांवर १० आणि आइस्क्रीमवर २० टक्के. इथे जोखीम वेगळी आहे. ५० रुपयांच्या दुधावर सव्वा रुपया सुटतो, तेव्हा केवळ दूध विकून पगारी माणूस ठेवता येत नाही. माल कुठला खपेल यावर दुकानाचे गणित ठरते. करार कुठलाही असो, प्रश्न तोच विचारायचा: यातून एका माणसाचा कायद्याचा पगार निघतो का?

नाव गेले की दुकानाचे काय

पगाराखेरीज फ्रँचायझीत दुसरी मोठी जोखीम असते ती नावाची. दुकान तुमचे, पण पाटी भाड्याची. मोठ्या माणसांनाही हे चुकत नाही. १९९५ साली मॅकडोनाल्डने भारतात दोन भागीदार घेतले. उत्तर आणि पूर्वेला विक्रम बक्षी यांच्यासोबत निम्म्या-निम्म्या भागीदारीतली कंपनी, तर पश्चिम आणि दक्षिणेला मुंबईचे अमित जटिया यांची हार्डकॅसल. उत्तरेत २०१३मध्ये बक्षींना व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर केले गेले आणि भांडण कोर्टकचेरीत गेले. जून २०१७च्या अखेरीस परवान्यांचे नूतनीकरण न झाल्यामुळे दिल्लीतली ४३ रेस्टॉरंट बंद पडली. ऑगस्टमध्ये मॅकडोनाल्डने १६९ रेस्टॉरंटचे करार रद्द केल्याचे जाहीर केले. तडजोड व्हायला मे २०१९ उजाडला. मालक आणि कंपनी भांडत असताना काउंटरवर उभ्या मुलांना मात्र उद्या दुकान उघडणार की नाही, हेच कळेना. त्याच काळात मुंबई-पुण्यातली दुकाने सुरळीत चालू होती.

छोट्या दुकानदाराला तर वकिलाची फौज परवडत नाही. अमेरिकेत १९७९पासून लागू असलेल्या नियमानुसार कंपनीने करारावर सही होण्याच्या किमान १४ दिवस आधी २३ मुद्द्यांची माहितीपत्रिका द्यावी लागते. किती दुकाने बंद पडली, किती खटले चालू आहेत, हे त्यात लिहावे लागते. भारतात फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. १८७२चा करार कायदा आणि १९९९चा ट्रेडमार्क कायदा यांवर काम भागवावे लागते. म्हणून जे विचाराल तेच कळेल, न विचारलेले कोणी सांगणार नाही.

एक दिलासा त्या जुन्या करार कायद्यातच आहे. करार संपल्यावर ‘तीन वर्षे चहाचा धंदा करायचा नाही’ अशी अट घातली, तर कलम २७प्रमाणे ती सहसा टिकत नाही. करार चालू असतानाची बंदी मात्र टिकते. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या १९९५च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले. तुम्ही चहा विकू शकाल, पण त्यांची पाटी, त्यांच्यासारखा पेला आणि त्यांचा गुप्त मसाला वापरता येणार नाही.

पोराचा मालक कोण

साखळीची टोपी घातलेला मुलगा नेमका कोणाचा नोकर? आपल्याकडे याचे उत्तर सरळ आहे: तुमचा. टोपी कंपनीची, वागण्याचे नियम कंपनीचे, पण किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि दुप्पट दराने जादा तासांचे पैसे यांची जबाबदारी तुमची. किमान वेतनाला नोकरांच्या संख्येची अट नाही; एकच मुलगा असला तरी ते द्यावेच लागते. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी हा हक्क सर्वच कामगारांपर्यंत नेला आणि नियुक्तिपत्रावरही भर दिला. दहा कामगार झाले की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) येते: २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचे पाऊण टक्का. वीसला भविष्यनिर्वाह निधी. दुसरी-तिसरी शाखा घेणाऱ्यांनी इथे सावध राहावे. चार-चार मुलांची तीन दुकाने असली, तरी मालक एकच असल्याने बेरीज बारा होऊ शकते.

या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच फार कडक शब्द वापरले आहेत. दिल्लीत एशियाडची स्टेडियमे आणि पूल उभे राहत होते. मजुरांचे किमान वेतन दिवसाला सव्वानऊ रुपये होते, पण जमादार त्यातला एक रुपया कमिशन म्हणून कापून घेत आणि मजुराच्या हाती सव्वाआठच पडत. मेलबर्नमध्ये एटीएममधून काढून परत द्याव्या लागलेल्या डॉलरचा हा आपल्याकडचा थोरला भाऊ. न्या. भगवती यांच्या खंडपीठाने ठरवले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदात मनाई असलेली वेठबिगारीच होय. शिवाय, मजूर कंत्राटदाराचे आहेत असे म्हणून मूळ काम देणाऱ्या सरकारी यंत्रणेला अंग झटकता येणार नाही, हेही सांगितले. कंत्राटी कामगारांचा पगार कंत्राटदाराने बुडवला, तर कायद्याने मुख्य मालकाला तो द्यावा लागतो. फ्रँचायझी देणारी कंपनी मात्र या चौकटीत सहसा बसत नाही. ती कंत्राट देत नाही, नाव वापरायला देते, असा तिचा बचाव असतो.

ऑस्ट्रेलियाने तो बचाव मोडून काढला. २०१७मध्ये तिथे कायदा बदलला. दुकानात पगार बुडतोय हे कंपनीला माहीत होते, किंवा माहीत असायला हवे होते, आणि तरी तिने वाजवी उपाय केले नाहीत, तर कंपनीही जबाबदार. पगारातून पैसे परत मागण्यावर थेट बंदी आली. मालकाने तासांच्या नोंदी ठेवल्या नसतील, तर कामगाराचा दावा खोटा असल्याचे मालकानेच सिद्ध करायचे. १ जानेवारी २०२५पासून तर जाणूनबुजून पगार बुडवणे हा तिथे फौजदारी गुन्हा झाला आहे. महाराष्ट्रातून तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी हे लक्षात ठेवावे.

अमेरिकेत निराळाच घोळ निघाला. अर्थशास्त्रज्ञ ॲलन क्रूगर आणि ऑर्ली ॲशनफेल्टर यांनी २०१७मध्ये मोठ्या साखळ्यांचे करार तपासले, तेव्हा ५८ टक्के साखळ्यांनी आपल्या दुकानदारांना एकमेकांचा नोकर घेण्यास बंदी घातली असल्याचे आढळले. बर्गर भाजण्यात तरबेज झालेल्या मुलाला त्याच साखळीच्या पुढच्या चौकातल्या दुकानात दोन डॉलर जास्त मिळत असले, तरी जाता येत नसे. वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरलनी कारवाईचा बडगा उगारल्यावर २०१८मध्ये मॅकडोनाल्डसह अनेक साखळ्यांनी ही अट काढून टाकायला मान्यता दिली. तुमच्या करारात अशी ओळ असेल, तर ती तुमचाही तोटा करते. अनुभवी माणूस तुम्हालाही मिळणार नाही.

सही करण्यापूर्वी

सगळे कागद घेऊन बसलात, की सगळ्यात आधी पगाराची ओळ भरा. किती माणसे लागतील, किती पाळ्या, सुट्टीच्या दिवशी बदली कोण, आजारी पडला तर कोण. हे धरून कायद्याचा पूर्ण पगार लिहा. त्यात स्वतःचा पगारही लिहा, कारण तुम्हीही तिथे नोकरीच करणार आहात. मग विक्री १० आणि २० टक्क्यांनी कमी करून हिशेब पुन्हा लावा. उरत नसेल तर कंपनीशी रॉयल्टीवर, किमान विक्रीच्या अटीवर, रात्रीच्या वेळेवर घासाघीस करा. ती तयार नसेल तर सोडून द्या.

त्याच साखळीच्या दोन-चार दुकानांत जाऊन मालकाशी बोलाच, पण त्याहून आधी मुलांशी बोला. किती दिवसांपासून आहात, सुट्टी मिळते का, पगार बँकेत येतो की हातात, एवढे विचारले तरी दुकानाची नाडी कळते. सगळीच मुले दोन-तीन महिन्यांची असतील, तर त्या साखळीत कुठेतरी पाणी मुरते आहे. करार संपवण्याची कलमे, नूतनीकरणाचे शुल्क, जवळपास दुसरी शाखा न देण्याचे लेखी आश्वासन, वैयक्तिक हमी आणि भांडण झाले तर कुठल्या शहरात जावे लागेल, हे वकिलाकडून वाचून घ्या. जागेचा भाडेकरार फ्रँचायझीच्या करारापेक्षा लांब नसावा. पाटी गेल्यावर रिकाम्या गाळ्याचे भाडे भरत बसणारे मालक कमी नाहीत.

दुकान सुरू झाल्यावर हजेरीपत्रक रोज भरा, पगार खात्यातच द्या, नियुक्तिपत्र द्या, कोणाचीही मूळ कागदपत्रे अडकवून ठेवू नका. पगारातून उचल कापली, तर पावतीवर तसे लिहा. हे मुलांवर उपकार म्हणून करायचे नाही. उद्या कामगार निरीक्षक आला, मुलाने तक्रार केली किंवा कंपनीने करार रद्द करायला निमित्त शोधले, तर हेच कागद तुमची बाजू मांडतील. आणि दर दोन महिन्यांनी नवा मुलगा शिकवण्यात, सांडलेल्या दुधात आणि चुकलेल्या बिलांत जे पैसे जातात, ते टिकून राहिलेल्या माणसाच्या वाढीव पगाराहून बहुधा जास्तच असतात.

ऑक्टोबर २०२१मध्ये रिलायन्सने सेव्हन-इलेव्हनचे भारतातले पहिले दुकान मुंबईत अंधेरीला उघडले. येत्या काळात अशा कितीतरी पाट्या आपल्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचतील. त्या घ्याव्यात, त्यात वाईट काहीच नाही. अनोळखी गावात ओळखीचे नाव गिऱ्हाईक आणते, हे खरेच आहे. पण ज्या करारात चार मुलांचा कायद्याचा पगार बसत नाही, तो धंदा नाही. तो तोटाच आहे, फक्त आज तो मुलांच्या वाट्याला आला आहे आणि उद्या तुमच्या वाट्याला येणार आहे. अशा कागदावर सही करू नका.